गडाखाली थांबलेला मित्र

मंडणगडाचा किल्ला चढायला चाळिशी-पन्नाशीतले मित्र येतात. एरवी महिनोन्‌महिने फोन नाही. वर गेल्यावर मात्र तळ्याकाठी एकाच डब्यातली भाकरी. पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळे करणे जड जाते, बरोबर चालताना ते आपसूक होते.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार मानले : उपयोगासाठी, आनंदासाठी आणि मित्राच्याच भल्यासाठी. मग ही कोणती? चढण्याची मजा सरली की तीही सरेल?

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या आठ जणांनी २०१२ साली एव्हरेस्ट सर केले, २०१९ साली दहा जणांनी कांचनजुंगा. आपल्याला शिखरांचे आकडे लक्षात राहतात. पण एका दोराला बांधलेल्यांमधला चपळ गडी संथ गड्याच्या पावलाने चालतो, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

एखाद्या वर्षी एकाचा गुडघा साथ सोडतो. बाकीचे वर जातात. तो खाली गाडीत बसून राहतो. पुढच्या वर्षी त्याला निरोपही जात नाही. (‘उगाच त्याला त्रास कशाला?’ हे कारण सोयीचे असते.) की कोणी त्याच्यासोबत खाली थांबतो? प्रकार कोणता, ते तिथे कळते. आणि बाणकोटच्या किल्ल्यापर्यंत तर गाडी जाते.