जात्याची पायरी

दिवाळीच्या आधी आठ दिवस घराघरांतून जी साफसफाई चालते, तिच्याइतका कठोर न्यायनिवाडा दुसऱ्या कुठल्या कचेरीत होत असेल, असे मला वाटत नाही. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते, घरातली मंडळी तिच्याभोवती उभी राहतात, कुणीतरी विचारते, "हिचा आता काही उपयोग आहे का?" तिच्या बाजूने कुणी बोलले नाही, की तिची रवानगी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आमच्या घरच्या या न्यायालयात आरोपीचे वकीलपत्र नेहमी मीच घेत आलो आहे. माझ्याने वस्तू टाकवत नाही. याला कुणी चिक्कूपणा म्हणेल, कुणी मोह म्हणेल. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून मी त्याला 'बाग' म्हणतो.

साताऱ्याला आमच्या घरामागे दीड गुंठा जागा आहे. तिथे फुटक्या माठात सदाफुली आहे, गळक्या बादलीत गवती चहा आहे. जुन्या घराची गजांची खिडकी मी भिंतीला टेकवून उभी केली, तिच्यावर गोकर्ण चढली आहे. कान तुटलेल्या कपांतून कोरफडीची पिले वाढतात, आणि न्हाणीघरातून उचकटलेल्या फरशांच्या तुकड्यांनी वाफ्यांना काठ मिळाला आहे. या उद्योगाने मला एक गोष्ट शिकवली. निकामी भांड्याला झाड लावायचे, तर आधी त्याच्या तळाला भोक पाडावे लागते. नाही तर मुळे कुजतात, शिवाय साचल्या पाण्यात डेंग्यूचा डास सुखाने अंडी घालतो. म्हणजे ज्या भोकामुळे बादली घराबाहेर पडली, तेच बागेत तिची पात्रता ठरते! या विचारावर मी बराच काळ खूष होतो.

खरे तर यात नवे काय आहे? आमच्या आजीच्या घरी लुगडे विरले की गोधडीत जाई, गोधडी फाटली की तिचे पोतेरे होई, आणि चुलीतली राख भांडी घासायला लागे. पण तिची ती गरज होती आणि माझी ही हौस आहे, हा भेद विसरता येत नाही. आजीने गोधडी शिवताना कधी चार माणसांना बोलावून दाखवली नाही. मी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला बाग दाखवतो, आणि तो "वा!" म्हणेपर्यंत त्याला चहा देत नाही.

माझ्या या हौसेचे दैवत म्हणजे चंदीगडचे नेकचंद. फाळणीत गाव सुटलेला हा माणूस सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करी. नवे शहर वसवण्यासाठी जी जुनी गावे उठली, त्यांची मोडतोड त्याच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. १९५७च्या सुमारास त्याने ती गोळा करायला सुरुवात केली आणि शहराबाहेरच्या सरकारी रानात, कुणालाही न सांगता, फुटक्या बांगड्यांच्या बाया, कपबश्यांच्या तुकड्यांची माणसे, प्राणी असे एक राज्यच उभारले. सरकारला पत्ता लागला तो कितीतरी वर्षांनी. कायद्याने ते सारे पाडायलाच हवे होते. पण १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली, नेकचंदांना पगार आणि मदतीला मजूर मिळाले, १९८४ साली 'पद्मश्री'ही मिळाली. २०१५ साली ते वारले. ती बाग मी पाहिली आहे. तिथल्या त्या काचेच्या बायांपुढे उभे राहिलो, तेव्हा मनात आले, टाकून दिलेल्याला पुन्हा जागा देणे यापरते पुण्य कुठले? आणि असल्या पुण्याच्या धुंदीतच माणसाच्या हातून चूक होते.

गेल्या पावसाळ्यात जिन्याखालची अडगळ उपसताना आमचे जाते बाहेर आले. खुंटा वाळवीने खाल्लेला, पण दगड अस्सल काळा. मागच्या दारापासून तुळशीपर्यंत तेव्हा चिखल होता. मी जात्याच्या दोन्ही तळ्या वाटेत अंतराने बसवल्या आणि मधे फरशीचे तुकडे घातले. झकास पायवाट झाली. आईला पहाटे तुळशीला पाणी घालायला जाताना पाय बरबटायला नकोत, हा हेतू. आईचे वय पंच्याऐंशी.

चारपाच दिवसांनी माझ्या लक्षात आले की, जात्याच्या दगडांच्या बाजूने चिखलात पावले उमटली आहेत. लहान, किंचित तिरकी पावले. फरशीवरून ती जात, दगड आला की खाली चिखलात उतरत, आणि पुढे पुन्हा फरशीवर चढत.

"आई, अगं दगडावरून जा ना! घसरशील."

ती हातातला तांब्या सावरत म्हणाली, "अरे, त्याला हळदकुंकू लावून तुझ्या आत्याच्या लग्नाची हळद दळलीय मी. त्याच्यावर पाय कसा देऊ?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू इतका हौसेनं करत होतास," ती म्हणाली. "आणि मला विचारलं कुठं होतंस?"

तोवर माझी समजूत अशी होती, की प्रश्न टाकणे आणि राखणे या दोहोंमधला आहे, आणि मी राखणाऱ्यांच्या, म्हणजे सज्जनांच्या बाजूला आहे. त्या पावलांनी मला दाखवले की, वस्तू राखूनही तिचा अपमान करता येतो. जाते भंगारात गेले असते तर आई दोन दिवस हळहळली असती. मी ते रोज तिच्या पायाखाली आणून ठेवले होते.

दगडाला कसला आला आहे मानापमान, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. मान दगडाचा नव्हताच. पहाटे उठून, झोपेला आवर घालून जी दळणे झाली, मुठीमुठीने वैरण घालताना जी गाणी म्हटली गेली, त्यांचा तो साक्षीदार होता आणि त्या दळणांची धनीण अजून घरात हिंडतफिरत होती. नेकचंदांनी उचललेल्या बांगड्या कुणाच्या, हे विचारायला कुणी उरले नव्हते, आणि त्यांनी त्या पायाखाली घातल्या नाहीत, मूर्तीच्या अंगावर चढवल्या. गाव सुटणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. मला मात्र दहा पावलांवर विचारायला माणूस होते. मी विचारले नाही, कारण 'उपयोग आहे का' या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरते देऊन टाकले होते.

माझ्या पत्नीचा यावर एक आक्षेप आहे. "अहो, असं म्हणत बसलं तर घरातली दोरीसुद्धा टाकता यायची नाही. आणि आपल्यामागे हे सगळं निस्तरायचं कुणी? मुलांनी?" यातले तथ्य मी नाकारत नाही. जुन्याला जागा करून देताना जित्या माणसांची जागा खाण्याचा हक्क कुणाला नाही. टाकावे लागतेच. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो ती उगीच नव्हे. पण पूजा करून मग झाडतो, हेही ध्यानात घ्यावे. वस्तूचा निकाल लावण्याआधी इतके तरी पाहावे, की तिच्याशी आपले संपले आहे की सगळ्यांचेच. शालश्रीफळ घेऊन घरी बसलेल्या माझ्यासारख्याला हे सुचायला इतका उशीर लागावा, याचीच मला लाज वाटली.

त्याच दिवशी मी पहारीने दोन्ही तळ्या उचकटल्या, धुतल्या आणि तुळशीजवळ एकीवर एक ठेवल्या. वाटेत साध्या फरशा घातल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो आईने जात्याच्या तोंडात मूठभर बाजरी घातली होती आणि दोन साळुंक्या त्यावर भांडत होत्या. हे मला सुचले नव्हते.

यंदा पणत्या वाती करून ठेवताना मी तिला म्हटले, "आई, तुझ्यामागं या जात्याचं काय करू?"

"मी गेल्यावर काय करायचं ते खुशाल कर."

"पुन्हा पायरी केली तरी?"

तिने वात वळली, तेलात बुडवली आणि म्हणाली, "तुझ्या पायाला तो नुसता दगड लागला, तर कर."