रकअतींचा विसर आणि आजारानंतरचे मन

२०२० मध्ये कोविड रुग्णालय झालेल्या पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आता नेहमीची वर्दळ आहे. परंतु त्या आजाराने कित्येकांच्या मेंदूवर सोडलेले धुके अद्याप पुरते विरलेले नाही. ओठांवर आलेले नाव आठवत नाही, दुकानाचा हिशेब जुळत नाही आणि नमाजमध्ये ही तिसरी रकअत की चौथी, हेच उमगत नाही. अशा वेळी घरातलेच कुणी म्हणते, "ईमान कमजोर झाले, म्हणून वसवसे येतात." हे ऐकून जमाअतीला येणेच सोडलेली माणसे आपल्या मोहल्ल्यांत आहेत.

हा दोष ईमानचा नव्हे. इंग्लंडमधील १,१२,९६४ व्यक्तींच्या स्मरणशक्तीची व विचारशक्तीची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कोविड न झालेल्यांच्या तुलनेत, त्यातून बरे झालेल्यांतही किंचित घट दिसली. लक्षणे रेंगाळलेल्यांत ती अधिक होती. उदासी, झोपमोड, अकारण धास्ती हीदेखील या आजारामागून येऊ शकतात. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे पडले, असे कुरआन सांगतो, तरी त्यांच्या सब्रला उणेपणा आला नाही.

आणि विसराचे म्हणाल, तर स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून एकदा दोन रकअतींवरच सलाम फेरला गेला. जुल-यदैन या सहाबींनी अदबीने विचारले, प्रेषितांनी (स.) इतरांकडून खात्री करून घेतली, उरलेली नमाज पूर्ण केली आणि दोन सजदे केले. ना कुणी टोमणा मारला, ना कुणी ईमान मोजले. शंका आल्यास शाफई मसलकाप्रमाणे (आपल्या कोकणी घरांत बहुधा हाच) कमी संख्या धरून नमाज पुरी करावी व सलामपूर्वी दोन सजदे करावेत. हनफी मसलकात वारंवार शंका येणाऱ्याने मन झुकेल ती संख्या धरावी. ते कुठेच झुकत नसेल तर कमी संख्या धरून सजदा-ए-सह्व करावा.

दुआ अवश्य करावी, पण उपचार टाळू नये, औषधोपचार करा, असे प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. डॉक्टरांना विसराविषयी स्पष्ट सांगावे. मन फारच खचले असेल, तर १४४१६ या शासनाच्या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

जमाअतीत तर रकअतींचा हिशेब इमाम सांभाळतो. म्हणूनच मोजणी चुकते या संकोचाने घरी बसलेल्या बुजुर्गांना मगरिबला निघताना सोबत घ्यावे.