जुन्याची चव
आजचा शास्त्रभाग: लूक 5:37-39

जुन्या द्राक्षारसाची चव लागलेल्याला नवा नकोसा होतो, हे प्रभू येशू ओळखून होता. पण जुनं ते सगळंच चांगलं असतं का? नव्या रेड वाइनचा तुरटपणा काही वर्षांत मऊ होतो, खरंय. तरी बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत प्यायच्या असतात. बूच सुकून हवा आत शिरली, की चक्क व्हिनेगर!

दादाशी भांडण झालं तेव्हा मी म्हटलं, ‘वेळ जाऊ दे, होईल ठीक.’ चार वर्षं झाली. राग मऊ झालाच नाही, आंबट झाला. आणि मला त्याचीच चव लागली!

प्रभू, आज आधी फोन मी करीन. धैर्य दे. आमेन.