यंत्राचा सल्ला आणि आपली जबाबदारी

आमच्या सुभानपुऱ्यातून गोरव्याकडे चालत निघाले की फिजिओथेरपीचे दवाखाने, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा व एक्स-रे केंद्रे यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. तेथे काम करणारे लोक डॉक्टर नव्हेत. पण त्यांच्यावाचून डॉक्टरांचे चालत नाही. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी तरुण-तरुणी याच सेवेत आहेत. संसदेने २०२१ साली या व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा करून राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. आता या सेवकांच्या हाती कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. ती एक्स-रे वाचतात, रोग्याचे बोलणे लिहून घेतात, व्यायामाचा व आहाराचा तक्ता तयार करून देतात. ही साधने ख्रिस्ती सेवकाने वापरावीत काय, आणि वापरली तर चुकीचा जाब कोणी द्यावा, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहो.

प्रथम हे मान्य करू या की यंत्र नवे आहे एवढ्याने ते त्याज्य ठरत नाही. डॉ. वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय उभारले, आणि पुढच्याच वर्षी युरोपात क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे ते यंत्र मिशन रुग्णालयांतही आले, आणि देहाच्या आत डोकावणे पाप आहे असे म्हणून ते कोणी परत पाठविले नाही. आजची गोष्टही तशीच आहे. क्षयरोगाच्या प्राथमिक चाचणीसाठी १५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींचे छातीचे एक्स-रे माणसाऐवजी संगणकाने वाचले तरी चालतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्यूर.एआय या कंपनीची अशी प्रणाली अनेक देशांत वापरात आहे. ज्या खेड्यात एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ महिनोन्‌महिने फिरकत नाही, तेथे हे साधन नाकारणे म्हणजे आपल्या सोवळेपणाची किंमत दुसऱ्याच्या फुफ्फुसांनी मोजणे होय. तेव्हा "यंत्र नकोच" हे उत्तर आम्हांस पटत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्षयाच्या चाचणीत यंत्राने संशय दाखविला की थुंकी तपासली जाते; यंत्राच्या शब्दानंतर दुसरी पायरी आहे. धोका जेथे दुसरी पायरी केवळ नावाला उरते तेथे आहे. माणूस खुर्चीवर बसलेला असतो, सही त्याचीच होते, पण पाहणे मात्र थांबलेले असते.

ही भीती काल्पनिक नाही. पोलंड देशात मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांविषयी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राची मदत सुरू होण्यापूर्वी ते शंभरांतील सुमारे २८ तपासण्यांत धोक्याच्या गाठी शोधीत. मदत सुरू झाल्यानंतर, ज्या तपासण्या यंत्रावाचून झाल्या, त्यांत हे प्रमाण सुमारे २२ वर आले. एका अभ्यासावरून शेवटचा निकाल देऊ नये. पण हाताचे कसब न वापरल्याने गंजते, हे आपल्या सुतार-लोहारांनाही ठाऊक आहे. ज्या दिवशी वीज जाईल त्या दिवशी रोग्याला कोणाचे डोळे मिळणार?

दुसरा प्रकार वाचा-उपचाराच्या क्षेत्रातला आहे. पक्षाघाताने ज्याची वाचा गेली तो मनुष्य एक शब्द बोलतो, थांबतो, शोधतो, पुन्हा बोलतो. बोलणे लिहून घेणाऱ्या 'व्हिस्पर' नावाच्या साधनाची अमेरिकेतील संशोधकांनी परीक्षा केली व २०२४ साली निष्कर्ष मांडले. सुमारे एक टक्का नोंदींत कोणी न उच्चारलेली वाक्ये यंत्राने स्वतःच घातली होती, आणि वाचाघात झालेल्यांच्या बोलण्यात हे अधिक घडले, कारण त्यांच्या बोलण्यात शांततेच्या जागा मोठ्या असतात. यंत्राला ती जागा रिकामी वाटली, म्हणून त्याने ती भरली. वास्तविक रोग्याची सारी धडपड त्या शांततेतच होती! आमच्या बडोद्यातील म्हातारी माणसे मराठीत सुरुवात करून गुजरातीत वाक्य संपवितात. त्यांचे बोलणे यंत्राने लिहिले तर ते शेजारी बसून ताडून पाहणारा कोणीतरी हवाच.

तिसरी गोष्ट न्यायाची. अमेरिकेतील रुग्णालयांत अधिक देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरविणाऱ्या एका संगणकप्रणालीची तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्या प्रणालीने गरज मोजण्यासाठी पूर्वी झालेला खर्च हे माप धरले होते. कृष्णवर्णीय रोग्यांवर खर्च कमी होत आला होता, म्हणून ते कमी आजारी आहेत असा हिशेब निघाला. ही दोषी रीत सुधारली तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते, असे संशोधकांनी दाखविले. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता. त्याला मनच नव्हते. जगातील जुना अन्याय त्याने आकड्यांत उतरविला, आणि आकडा म्हटला की आपण मान तुकवितो. ज्याने पैशाअभावी कधी दवाखाना पाहिला नाही तो कागदावर निरोगीच दिसतो, हे आपल्या देशात वेगळे सांगावयास नको.

मग मार्ग कोणता? आम्हांस येथे चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आठवतो. आपण त्यातील पूर्वार्धच मुलांना शिकवितो: त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला. उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. दुसऱ्या दिवशी त्याने त्या जखमी माणसाला उतारशाळेच्या रखवालदारावर सोपविले, दोन नाणी दिली, आणि जो अधिक खर्च होईल तो परत येताना आपण फेडू असे सांगितले. शुश्रूषेचे काम त्याने दुसऱ्याकडे दिले; हिशेब मात्र स्वतःच्याच नावावर ठेवला. काम सोपविण्यात त्याची दया उणी झाली नाही. तो परत आलाच नसता तर मात्र झाली असती.

हीच कसोटी आपल्या दवाखान्यांतील बंधुभगिनींनी लावावी, असे आम्हांस वाटते. समजा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका आजीबाईंसाठी यंत्राने व्यायामाचा तक्ता दिला. तो त्यांच्या हाती देण्यापूर्वी तुम्ही त्यांचा गुडघा हाताने चाचपून पाहिला काय? त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात व लिफ्ट नाही, हे विचारले काय? "हा व्यायाम का?" असे त्यांनी विचारल्यास स्वतःच्या ज्ञानातून उत्तर देता येईल काय? आणि त्यांची माहिती यंत्रात घालण्यापूर्वी त्यांना सांगितले काय? व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली कायदा झाला. पण रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपावी, हे कायद्याच्या आधीपासूनचे कर्तव्य आहे. या प्रश्नांची उत्तरे "होय" असतील तर यंत्र खुशाल वापरावे. नसतील तर खाली केलेली सही खोटी साक्ष ठरेल, मग तक्ता कितीही अचूक असो.

कोणी म्हणेल, दिवसाला चाळीस रोगी पाहणाऱ्याला एवढा वेळ कोठून मिळावा? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे ओझे एकट्या सेवकावर टाकणे न्यायाचे नाही. यंत्रामुळे वाचलेला वेळ रोग्याला मिळावा की आणखी दहा रोगी रांगेत उभे करण्यास लागावा, हे दवाखान्याचे मालक व विश्वस्त ठरवितात. आपल्यांपैकी जे अशा जागी बसले आहेत त्यांनी हा जाब स्वतःकडे घ्यावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी व तरुण संघांनी हा दृष्टांत पुढच्या वेळी शिकविताना रखवालदारापाशी थोडे थांबावे, आणि मुलांना विचारावे: शोमरोनी परत कशासाठी येणार होता?