बक्षिसी की मजुरी?



जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा समुद्रावर कष्ट करणाऱ्यांसाठी राखून ठेवते. यंदाच्या त्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आवारात चहापानाचा कार्यक्रम होता. आपल्यातलेच एक जोडपे नुकतेच अलास्काची सफर करून आले होते. मुलगा कॅनडात असतो. आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने क्रूझची तिकिटे काढून दिली होती. बर्फाचे डोंगर, धाडकन समुद्रात कोसळणारे हिमकडे, देवमासे, रोज रात्रीचे साग्रसंगीत जेवण, हे सारे ऐकताना आम्ही रंगून गेलो होतो. शेवटी काका हसत म्हणाले, "आणि एक गंमत सांगतो. टीप म्हणून माणशी दिवसाला सोळा डॉलर ते आपल्या बिलात परस्पर टाकतात. मी सरळ काउंटरवर गेलो आणि सगळी रक्कम काढून टाकायला लावली. सात दिवसांचे दोघांचे सव्वादोनशे डॉलर वाचले!"

आम्ही हसलो. मीही हसलो, हे कबूल करतो.

घोळक्याच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. त्यांचा मुलगा अशाच एका जहाजावर प्रवाशांच्या खोल्या साफ करण्याचे काम करतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मग ते पैसे कोणाचे कमी झाले?"

प्रश्नात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. कोणालाच उत्तर देता आले नाही. चहा संपला, लोक पांगले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस मी, हिशेब समजल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून थोडे वाचले, जहाजावर नोकरी केलेल्या दोघाचौघांना विचारले. जे कळले ते आपल्यापुढे मांडतो.

मोठ्या क्रूझ कंपन्यांची कार्यालये बहुधा अमेरिकेत, प्रवासीही बरेचसे तिथलेच. जहाजांची नोंदणी मात्र बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत. जहाजाच्या शेंडीला ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो. परदेशी झेंड्याच्या जहाजावरील परदेशी कामगारांना अमेरिकेचा कामगार-संघटनांचा कायदा लागू होत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच दिला. त्यामुळे मायामीच्या धक्क्यावर बांधलेल्या जहाजावरचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने मायामीत नसतोच.

या मुलांसाठी काहीच कायदा नाही, असेही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा सागरी कामगार करार २००६ साली झाला, २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाने खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. (आपल्या भागात जमीन गहाण टाकून एजंटाला पैसे चारलेल्या आईबापांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) कामाच्या तासांचीही मर्यादा आहे: दिवसाला १४, आठवड्याला ७२. पण आठवड्याला बहात्तर तास म्हणजे रोजचे दहा तासांच्या वर, तेही रविवार धरून! सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा करार आणि त्यात पूर्ण सुट्टीचा दिवस बहुधा नाहीच. पगाराचे म्हणाल, तर किमान वेतनाचा एक आकडा ही संघटना ठरवते. २०२५ सालासाठी तो महिना ६७३ डॉलर होता. पण ती शिफारस आहे, आणि तीही डेकवरच्या कुशल खलाशासाठी. खोली झाडणाऱ्याचे आणि ताटे विसळणाऱ्याचे काय, याचा वेगळा आकडा त्यात नाही.

इथे टीप येते. पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटात नोटा घालून वेटरच्या आणि कॅबिनवाल्याच्या हातात ठेवत. पुढे कंपन्यांनी तीच रक्कम रोजच्या रोज बिलात लावायला सुरुवात केली. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांत अलीकडे ती माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलरच्या घरात असते. कोणी तिला ग्रॅच्युइटी म्हणतो, कोणी सेवा आकार, कोणी कर्मचाऱ्यांचे कौतुक. नाव काहीही असो, ती एका गल्ल्यात जमते आणि वेटर, कॅबिनवाले, काही ठिकाणी पडद्याआडचे कामगारही, अशी वाटली जाते. खालच्या हुद्द्यांवरील बऱ्याच मुलांच्या कमाईचा मोठा हिस्सा यातून येतो. काही ठिकाणी करारात महिन्याची ठरावीक रक्कम कबूल केलेली असते आणि टीप कमी पडली तर कंपनी भर घालते. काही ठिकाणी तसे नसते. प्रवाशाला यातले काही दिसत नाही. त्याला दिसते फक्त बिलावरची एक ओळ, आणि काउंटरवर जाऊन ती खोडता येते, एवढेच.

आता काकांची बाजू. तिला मी कमी लेखणार नाही. त्या दिवशी घरी जाताना ते मला म्हणाले, "मास्तर, टीप म्हणजे खुशीने दिलेली वस्तू. खुशी माझी, रक्कम त्यांनी ठरवलेली, हा काय प्रकार? आणि नोकर त्यांचे, पगार मी का द्यावा?" दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. भाडे स्वस्त दाखवायचे, जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापायचे आणि कामगाराच्या पोटाचा खर्च मागाहून बिलात टाकायचा, हा मालकाचा व्यवहार सरळ नाही. भेट सक्तीची झाली की ती भेट राहत नाही.

पण मग ती काय राहते? मला वाटते, गाठ इथेच आहे. काका म्हणतात ती भेट नाही, म्हणून देणार नाही. मी म्हणतो ती भेट नाही, म्हणूनच दिली पाहिजे. ती मजुरी आहे, फक्त तिला बक्षिसीचा अंगरखा घातला आहे.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांसाठी गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना हमाल म्हणून ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या टीपवर. मालकाचे नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक हमालाला 'जॉर्ज' अशीच हाक मारत. स्वतःचे नाव असलेली माणसे चार पैशांसाठी त्या हाकेला हसून ओ देत. त्यांनी १९२५ साली संघटना बांधली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडले. बारा वर्षे! अमेरिकेत टीप मिळवणाऱ्यांना मालकाने द्यायचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढेच राहिले. बाकीची भर टीपने पडावी, असे तो कायदाच गृहीत धरतो.

"पण त्या मुलाने राजीखुशीने सही केली ना?" असे कोणी विचारील. केली. डॉलरचे रुपये झाले की रक्कम इथे मोठी दिसते, हेही खरे. वर उल्लेखिलेल्या बाईंच्या घरावर माडी चढली ती त्याच पैशांतून, बहिणीचे लग्नही त्यातूनच झाले. त्यांना कोणाची कीव नको आहे. पण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांवरील आपल्या परिपत्रकात नेमका हाच प्रश्न घेतला होता. दोघांनी मान्य केले एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी किंवा आणखी वाईटाच्या भीतीने माणूस कमी पैशांना कबूल होतो, तेव्हा त्याच्यावर जबरदस्तीच झालेली असते, असा त्यांचा आशय आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात आणखी एक धारदार गोष्ट सांगितली: न्यायाने जे देणे लागते, ते दयेचे दान म्हणून पुढे करू नये. क्रूझच्या बिलावरील त्या ओळीत नेमके हेच घडते. फरक इतकाच की मालक मजुरीला दान म्हणतो आणि आपण ते दान नाकारण्याचा हक्क बजावतो. दोघेही समाधानी. मधल्या मध्ये मुलगा.

टीपवर जगणाऱ्याला आणखी एक किंमत मोजावी लागते आणि ती पैशात मोजता येत नाही. त्याला सतत हसावे लागते. घरी वडील आजारी असोत, बायको बाळंत होत असो, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायचा आणि हसायचे. पगार मालकाच्या हाती असेल तर दिवसातून एका माणसाला सांभाळावे लागते. तोच वीस खोल्यांतील चाळीस जणांच्या मर्जीवर असेल तर चाळीस मालक झाले. जहाजावर दहा वर्षे काढलेला आपलाच एक माणूस मला म्हणाला, "मास्तर, सुट्टीवर आलो की पहिले आठ दिवस मी घरात हसतच नाही. बायको विचारते, रागावला का?"

या मुलांनी आवाज उठवलाच नाही, असेही नाही. २०११ साली अमेरिकेतील सिएटल बंदरात पी अँड ओ क्रूझेस कंपनीच्या 'आर्केडिया' जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी कमी पगाराच्या तक्रारीसाठी धक्क्यावर उतरून उभे राहिले. निदर्शन जेमतेम दीड तासाचे. पुढे त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही, आणि २०१२ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांत त्यावरून बरीच टीका झाली. गंमत अशी, की त्याच कंपनीने २०१९ साली प्रवाशांच्या बिलातील दैनिक टीप बंद करून ती रक्कम भाड्यातच धरली. म्हणजे मनात आणले तर करता येते. टीप भाड्यात गेली म्हणून मूळ पगार पुरेसा झाला असे नव्हे, पण निदान कामगाराची कमाई कोणा प्रवाशाला काउंटरवर खोडता येत नाही.

आणि फेब्रुवारी २०२० आठवा. जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोरोनामुळे अडकले. प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद राहण्याचा आदेश होता. त्यांच्या दाराशी तीन वेळचे जेवण नेत होते ते कर्मचारी, ज्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. त्यांच्या स्वतःच्या खोल्या मात्र दोघातिघांत वाटून घेतलेल्या. त्या ताटाची टीप किती, हे कोणते यंत्र ठरवणार?

तर मग प्रवाशाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. व्यवस्था चुकीची आहे, तरीही ती ओळ खोडू नये. आपल्या निषेधाची झळ कोणाला लागते, ते पाहावे. काकांनी ओळ खोडली तेव्हा भाडे ठरवणाऱ्या मालकाचे काही गेले नाही. गेले असेल ते पलंगाची चादर बदलणाऱ्याचे. तत्त्वासाठी खोडली म्हणावे, तर तेवढेच पैसे त्या मुलाच्या हातात रोख ठेवता आले असते आणि कंपनीला चार ओळींचे पत्रही लिहिता आले असते. तसे झाले नाही, पैसे खिशातच राहिले. तिकीट काढतानाच ती रक्कम भाडे म्हणून धरावी; परवडत नसेल तर दोन दिवसांची लहान सफर करावी. आणि ती भरून आपण उदार झालो, असे समजू नये. उदारपणा त्याच्या वर जे देऊ तिथून सुरू होतो.

हे लिहिताना माझे मलाच ओशाळे वाटते आहे. मुलीच्या लग्नात वाढपी मुले रात्री एकपर्यंत राबत होती. मी ठेकेदाराच्या हातात दोन हजार रुपये ठेवले, "पोरांना द्या" म्हणालो आणि मोठ्या मनाने घरी आलो. त्या पोरांना रात्रीचे किती मिळतात, हे मी विचारले नव्हते. ते दोन हजार त्यांच्यापर्यंत पोहोचले का, हेही नाही. आजारी आईवडिलांजवळ रात्रपाळीला ठेवलेल्या बाईला नाताळात साडी देणारे आपण, तिच्या महिन्याच्या पैशांची घासाघीस कशी करतो, ते ज्याचे त्याने आठवावे. पोस्त, खुशाली, चहापाणी, किती गोड शब्द आहेत आपल्याकडे!

मागच्या आठवड्यात काका माझ्याकडे आले. हा लेख मी त्यांना आधी वाचायला दिला होता. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय छापणे बरे नव्हे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "छापा. पण मला एक सांगा, ते सव्वादोनशे डॉलर आता त्या मुलाला पोहोचवायचे कसे?" मी म्हटले, त्याचे नाव सांगा, काही मार्ग निघतो का पाहू. काकांनी मोबाईलमधले फोटो काढले. हिमकडे होते, देवमाशाची शेपटी होती, पलंगावर टॉवेलचा हत्ती होता. खोलीचा नंबर त्यांना पाठ होता. मुलाच्या छातीवर नावाची पट्टी असायची, हेही आठवत होते. काकूंना हाक मारून विचारले. त्यांनाही नाव आठवेना.