आर्जव : पोचा काढायचा की नुसता भरायचा?



आजचं चिंतन गीतेच्या १३व्या अध्यायातलं. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात, त्यात अमानित्वानंतर लगेच अदंभित्व येतं आणि त्याच श्लोकात पुढे आर्जव. आर्जव हा शब्द ‘ऋजु’वरून आला. ऋजु म्हणजे सरळ. पण आयुष्याचे ठोके खाऊन जे मन आधीच वाकलंय, त्यानं सरळ व्हायचं कसं? आणि लोकांपुढे नीटनेटकं दिसावंसं वाटणं, हा दंभच का?

मला याचं उत्तर आमच्या लोहाऱ्यातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात दिसतं. बजाजची जुनी चेतक घ्या. १९७२ साली आलेल्या या स्कूटरची बॉडी पोलादी पत्र्याची, त्यामुळे ती ठोकून सरळ करता येते. पोचा आला की दोन वाटा असतात. सोपी वाट म्हणजे वरून जाड लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा. गाडी चकाचक! पण आत पत्रा वाकलेलाच. खाली गंज असेल तर तो वाढतच राहतो आणि एक दिवस लांबीचा पापुद्राच निघून येतो. दंभ म्हणजे हेच.

दुसरी वाट वेळखाऊ. रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. एका बाजूनं डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं हातोडीचे हलके ठोके द्यायचे, कडेपासून मध्याकडे. घाईनं मध्येच जोरात हाणलं तर पत्रा ताणतो, फुगतो, काम वाढतं. शेवटी उरलेल्या बारीक खळग्यांना पातळ लांबी लागतेच; मग प्रायमर, मग रंग. म्हणजे लांबी वाईट नाही. वाकलेलं झाकायला वापरली तर खोटी, सरळ झालेल्यावर लावली तर शोभते. आपलं गोड बोलणं, कपाळाचा गंध, स्टेटसला टाकलेला अभंग, यांचंही तसंच.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका इथं आठवतात. संतमेळ्यात त्यांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थोपटून कच्चं मडकं कोणतं ते पाहिलं, अशी कथा आहे. नामदेवराय दुखावले. पण त्याच ठोक्यानं त्यांना विसोबा खेचरांकडे, गुरूकडे नेलं.

ठोका देणाऱ्यानंही एक लक्षात ठेवावं. एका हातात हातोडी असेल, तर दुसऱ्या हातानं मागून आधार हवा. मित्राला, धाकट्या भावाला खरं सुनावताना आपण तो आधार धरलेला असतो का? नुसतं हाणलेलं सत्य माणसाला आणखी वाकवतं.

आज हरिपाठानंतर दोन मिनिटं शांत बसा. कोणता पोचा आपण नुसता भरून ठेवलाय, ते बघा. जुना पत्रा कोरा करकरीत होत नाही, पण सरळ नक्की होतो.

जय हरी!