दुरुस्तीलाही मनाई

भाची प्रोग्रामर, मी निवृत्त वकील. चहाबरोबर वाद ठरलेलाच.

"मामा, इसामू कानेको तोक्यो विद्यापीठात संशोधन करायचा. २००२ साली त्यानं 'विनी' लिहून नेटवर फुकट ठेवलं. मध्ये सर्व्हर नाही, फाइल थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर. कोणी पाठवली तेही कळू नये अशी रचना. चित्रपट, गेम वाटणारे वेगळेच. तरी मे २००४ मध्ये क्योतो पोलिसांनी यालाच उचललं."

"दोन वाटणाऱ्यांना आधीच उचललं होतं. याच्यावर आरोप साहाय्याचा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३सुद्धा साहाय्य करणाऱ्याला सोडत नाही."

"मग सुरी घडवणाऱ्या लोहाराला–"

"लोहार नको गं! सुरी विकली की त्याच्या हातून गेली. तुमचं सॉफ्टवेअर जातं का? लोक काय करताहेत ते दिसत असताना नवनव्या आवृत्त्या काढत राहिलं, तर हात झटकता येतील?"

ती गप्प. जिंकलो, असं मला वाटलं, वकिलाची खोड.

"बरं. विनीतून व्हायरस पसरला, पोलिसांचीसुद्धा कागदपत्रं बाहेर पडली. ते भोक कानेकोला बुजवता आलं असतं. पण नवी आवृत्ती दिली, की पुन्हा साहाय्याचा आरोप! तू म्हणतोस सॉफ्टवेअर त्याच्या हातून सुटत नाही. मग त्याचे हात कोणी बांधले?"

चहा निवला.

"२००६मध्ये क्योतोच्या न्यायालयानं १५ लाख येन दंड केला," मी म्हटलं. "२००९मध्ये ओसाका उच्च न्यायालयानं सोडलं. २०११च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. गैरवापर होऊ शकतो एवढं ठाऊक असणं पुरेसं नाही. नेमकी चोरी होणार, किंवा अपवाद म्हणता येणार नाही इतके लोक ती करणार, हे कळूनही वाटलं असेल तर गुन्हा. शिवाय त्यानं वापरणाऱ्यांना बजावलंही होतं. एका न्यायमूर्तींचं मत मात्र विरुद्ध पडलं."

"ते तुझं असतं?"

"चहाआधी विचारतीस तर हो म्हणालो असतो."

"अटकेपासून निकालापर्यंत साडेसात वर्षं, मामा. अक्षरशः साडेसाती."

"सुटली ना पण?"

"सुटली. २०१३च्या जुलैत तो वारला. वय ४२."